पोटभाडेकरू

“काका, पीडीएफ नको. कोरल पाठवा. आणि कर्व्ह मारून पाठवा.”

फ्लेक्सवाल्या मुलानं फोन ठेवला. तीन वाक्यांत त्यानं माझी आठ दिवसांची मेहनत, माझा लॅपटॉप आणि माझं नवंकोरं तत्त्वज्ञान निकालात काढलं होतं.

काम साधं होतं. सोसायटीच्या गणपतीचा फलक, बारा फूट बाय आठ. बैठकीत ‘डिझाइन मी करतो’ असं मीच म्हणालो, कुणी विचारलं नसताना. त्याच महिन्यात भाच्यानं माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं होतं. नुकतीच माळ घातलेला माणूस जसा भेटेल त्याला मटणाचे तोटे सांगतो, तसा मी भेटेल त्याला मुक्त सॉफ्टवेअरचे फायदे सांगत होतो. इंकस्केप नावाच्या फुकट, मुक्त आणि खरोखर चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये मी कमान काढली, मोदक काढले, कार्यकारिणीची सतरा नावं मानापमान सांभाळून बसवली. आणि आता हे.

ज्यांना या धंद्याची बोली माहीत नाही त्यांच्यासाठी: कोरल म्हणजे कोरलड्रॉ, चित्रं काढण्याचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर; लिनक्सवर ते चालत नाही. कर्व्ह मारणं म्हणजे अक्षराला अक्षर राहू द्यायचं नाही, त्याची नुसती बाह्यरेषा करून टाकायची. कंट्रोल दाबून क्यू. मग समोरच्याकडे तुमचा फॉन्ट असो वा नसो, ‘ग’ हा ‘ग’च दिसतो. फक्त त्यानंतर तो बदलता येत नाही.

“अरे, मग पीडीएफचं काय वाईट आहे?” मी विचारून पाहिलं होतं.

“पीडीएफमध्ये नावं वाढवता येत नाहीत, काका.”

“कर्व्ह मारल्यावर तरी कुठे येतात?”

“ती आम्ही वरून टाकतो.”

महाराष्ट्रात शुभेच्छुकांची नावं शाई वाळेपर्यंत वाढत असतात, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक. मी भाच्याला फोन लावला.

“सोपं आहे रे मामा. वाइन टाक.”

स्पीकर चालू होता. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

वाइन म्हणजे दारू नव्हे, हे महाराष्ट्राला २०२२ मध्ये सुपरमार्केटच्या निमित्तानं फार तळमळीनं समजावण्यात आलं. घरी मला तेच पुन्हा समजवावं लागलं. ही वाइन म्हणजे विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारी युक्ती. तिच्या इंग्रजी नावाचा विस्तारही ‘वाइन हा एम्युलेटर नव्हे’ असाच आहे. आपण काय नाही हेच सांगण्यात जिचा जन्म गेला, तिच्याबद्दल मला आधीच जिव्हाळा वाटला. काम सुरू झालं १९९३ मध्ये आणि १.० ही आवृत्ती आली २००८ मध्ये. पंधरा वर्षं. साधारण तेवढ्याच काळात पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून, वापरून, पाडूनही झाला.

भाच्यानं ती चालते कशी हे त्याच्या भाषेत सांगितलं. मी माझ्या भाषेत सांगतो, कारण माझं बालपण वाड्यात गेलं.

विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम हा जन्मभर एकाच वाड्यात राहिलेला भाडेकरू. तो स्वतः फारसं काही करत नाही. बारीकसारीक गोष्टीसाठी घरमालकाला हाक मारतो: खिडकी उघडा, फाइल काढून द्या, इथे रेघ मारा, हा कागद छापा. या हाका ठरलेल्या असतात आणि त्यांना ओ देणारी मंडळी विंडोजच्या डीएलएल नावाच्या फायलींत बसलेली असतात. असा भाडेकरू लिनक्सच्या वाड्यात आणून सोडला की तो हाक मारतो आणि कुणी ओ देत नाही. तो तिथेच उंबऱ्यावर प्राण सोडतो. वाइन म्हणजे त्याच्यासाठी उभा केलेला तोतया घरमालक. त्याच नावांना ओ देतो आणि मागच्या दारानं लिनक्सकडून काम करून आणतो. भाडेकरूला सी ड्राइव्ह लागतो. लिनक्समध्ये सी ड्राइव्ह ही चीजच नाही. मग घराच्या कोपऱ्यात एक फोल्डर करायचं आणि म्हणायचं, हाच तुझा सी. बिचारा विश्वास ठेवतो, तिथे आपलं ‘प्रोग्रॅम फाइल्स’ मांडतो आणि संसाराला लागतो. आतला प्रोसेसर दोन्हीकडे तोच, त्याच्या आज्ञांचं भाषांतर करावं लागत नाही, म्हणून हा एम्युलेटर नव्हे. विंडोजची एकही ओळ न वापरता विंडोज असल्याचा बहाणा करणं हे काय काम आहे याची कल्पना करा. दुसऱ्याच्या घरच्या सासूसारखं वागायचं, आणि सून ओळखणार नाही इतकं हुबेहूब.

एवढं करून भाडेकरू नांदेलच असं नाही. कुठला प्रोग्रॅम किती नांदतो याची वाइनवाल्यांनी प्रतवारी ठेवली आहे: प्लॅटिनम, सोनं, चांदी, कांस्य आणि त्याखाली थेट ‘कचरा’. इतकी स्पष्ट प्रतवारी मी आजवर फक्त वधूवर सूचक मंडळांत पाहिली होती, आणि तिथेही शेवटचा शब्द तोंडावर म्हणत नाहीत. मोठी डिझाइनची सॉफ्टवेअरं रेघा मारताना फारशी अडत नाहीत. अडतात ती परवाना तपासताना. चित्र काढणारा भाग निमूट चालतो आणि ‘तुम्ही पैसे भरलेत का’ विचारणारा भाग कोसळतो. २००८ च्या सुमारास खुद्द गूगलनं फोटोशॉप वाइनवर नीट चालावं म्हणून पैसे मोजले होते. त्यानंतर अॅडोबीनं २०१३ मध्ये सारी दुकानदारी मासिक भाड्यावर नेली. पुढचं ओळखा.

वाइन जमत नसेल तर दुसरा मार्ग: आभासी यंत्र. म्हणजे आपल्या घरात एक खोली बंद करून तिच्यात अख्खं विंडोज वसवायचं, चुलीसकट. हा भाडेकरू खूश असतो, कारण त्याला खरा घरमालक मिळालेला असतो. रडतो आपण. माझ्या लॅपटॉपला आठ जीबी रॅम. चार त्या खोलीला दिली. मग गणपतीत पाहुणे आल्यावर घरच्यांनी गच्चीवर झोपावं तशी उरलेली सिस्टीम कुठेतरी अंग चोरून पडून राहिली. शिवाय खोलीतल्या विंडोजचा परवाना वेगळा घ्यायचा. तिसरा मार्ग पाळीपाळीचा: एकाच डिस्कवर दोन बिऱ्हाडं, सकाळी कोण उठणार ते यंत्र सुरू करताना ठरवायचं. बाहेर जायला मात्र एकालाच परवानगी. एका फलकासाठी मी दिवसातून सहा वेळा घर बदललं असतं.

गंमत म्हणजे आज जो ज्या वाड्याचा खानदानी रहिवासी म्हणून मिरवतो, तो मुळात तिथला असेलच असं नाही. पेजमेकर घ्या. आपल्याकडच्या डीटीपी सेंटरांची एक पिढी त्यावर पोसली. तो १९८५ मध्ये आला तो मॅकवर. दोन वर्षांनी पीसीवर आला, पण तेव्हा बहुतेकांकडे विंडोजच नव्हतं. मग पेजमेकरच्या डब्यातच चालवण्यापुरतं विंडोज घालून दिलेलं असे. भाडेकरू येताना घर पाठीवर घेऊन आला! फोटोशॉपही १९९० मध्ये जन्मलं ते मॅकवरच. उलट कोरलड्रॉ १९८९ पासून विंडोजचं. कॅनडातल्या ओटावाचं हे बाळ. तिथल्या लोकांना सांगूनही पटणार नाही, पण जगाच्या पाठीवर एखाद्या सॉफ्टवेअरनं इतक्या लग्नपत्रिका, इतक्या बारशाच्या आमंत्रणपत्रिका आणि इतके ‘भावी आमदार’ काढले असतील तर ते हेच.

आणि हेच कोरल एकदा लिनक्सवर आलं होतं. चोरून नव्हे, वाजतगाजत. १९९९ मध्ये कंपनीनं स्वतःचं लिनक्स काढलं. २००० मध्ये कोरलड्रॉची नववी आवृत्ती लिनक्ससाठी विकायला ठेवली. कशी चालायची ती? वाइनवर. म्हणजे घरमालकच पोटभाडेकरू होऊन आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टनं या कंपनीत १३५ दशलक्ष डॉलर गुंतवले. पुढच्या वर्षी कंपनीनं आपलं लिनक्स विकून टाकलं. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध वाचकांनी लावू नये. मी फक्त ती शेजारी शेजारी ठेवली आहेत.

मॅकवाल्यांची कथा अधिक करमणुकीची आहे. त्यांच्याकडे जागा प्रशस्त, उजेड चांगला, भिंतींना एकही खिळा नाही. फक्त भाडेकरू मधूनमधून निघून जातात. ऑटोकॅड नव्वदीच्या दशकात मॅक सोडून गेलं ते २०१० मध्ये परतलं. कोरलनं अकराव्या आवृत्तीनंतर पाठ फिरवली ती थेट २०१९ मध्ये वळवली. मधल्या काळात अॅपलनं मोठेपणा दाखवला. २००६ मध्ये, मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आल्यावर, बूट कॅम्प काढला: हव्या त्या मॅकवर सरळ विंडोज टाका. घरमालक स्वतः बाहेर जाऊन जागा मोकळी करून देणार. चौदा वर्षं सुखाची गेली. मग २०२० मध्ये अॅपलनं चौथराच बदलला, स्वतःचे एआरएम जातीचे प्रोसेसर बसवले आणि नव्या इमारतीत बूट कॅम्प आलाच नाही. पुनर्विकासात जुन्या भाडेकरूचं नाव यादीत नसणं हा प्रकार फक्त गिरगावातच होतो असं नाही.

याचा फटका कुणाला? ओळखीतल्या एका मुलीला. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला तिनं हट्टानं मॅक घेतला. दिसायला सुंदर, वर्गात उघडला की चार माना वळतात. इमारतींचे आराखडे करायचं रेव्हिट हे सॉफ्टवेअर मॅकवर येतच नाही हे तिला पुढे कळलं. आता तिच्या मॅकमध्ये खोली आहे, खोलीत एआरएमचं विंडोज आहे, त्यात रेव्हिट आहे आणि वडिलांच्या कपाळावर आठ्या आहेत. वडील मला म्हणाले, “लाख रुपये दिले ते विंडोज चालवायलाच का?” मी त्यांना लिनक्सबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यांना एकाएकी काम आठवलं.

आता मराठीचं दुखणं. इंग्रजीत डिझाइन करणाऱ्याला एकच भाडेकरू हलवायचा असतो. मराठीत त्याच्याबरोबर त्याची आजीही येते. तिला दुसऱ्याच्या घरचं पाणी चालत नाही.

मराठी टंकायच्या सॉफ्टवेअरांपैकी श्रीलिपी पुण्याची. आयएसएम सी-डॅकचं, म्हणजे तेही पुण्याचंच. मराठी छपाईचं निम्मं आयुष्य या दोन घरांत गेलं. युनिकोडपूर्वीच्या या फॉन्टांची मेख अशी, की आत साठवलेली असतात रोमन अक्षरांचीच क्रमांकाची घरं, फक्त त्या घरांवर आपल्या काना-मात्रांची चित्रं चिकटवलेली. फॉन्ट हजर असेल तर ‘गणपती बाप्पा मोरया’. फॉन्ट गेला की डॉलर, अधोरेखा, अर्धवट कंस आणि फ्रेंच माणसाच्या नावात असतात तसले टिंबं-टोप्या घातलेले स्वर. फॉन्टची फाइल उचलून लिनक्समध्ये टाकता येते, ते अवघड नाही. पण कळफलकावर कळ दाबली की ती मधेच अडवून तिचा ‘क्ष’ करणारा जो वेगळा प्रोग्रॅम असतो, तो विंडोजचा. म्हणजे कोरल तोतया घरमालकाला फसलं, तरी आजी फसत नाही.

बरं, यावर उतारा निघून जमाना झाला. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा फॉन्ट विंडोज २००० पासून विंडोजबरोबरच येऊ लागला. म्हणजे मराठी अक्षर कुठल्याही वाड्यात आपल्या पायांवर उभं राहायला केव्हाच मोकळं झालं. पण फ्लेक्सच्या दुकानात त्याची बातमी अजून पोचायची आहे. तिथे ‘युनिकोड’ म्हटलं की गिऱ्हाईक काहीतरी अडचण घेऊन आलंय एवढंच कळतं.

केरळात लोक नेमकं याच्या उलट करून बसले. ‘जनयुगम्’ हे तिथलं मल्याळम दैनिक. कम्युनिस्टांचं, त्यामुळे मालमत्तेविषयी त्यांची मतं पहिल्यापासून वेगळी. २०१९ मध्ये त्यांनी अख्खं वर्तमानपत्र लिनक्सवर नेलं. पानं लावायला स्क्रायबस, चित्रांना गिम्प, अक्षरं युनिकोडची. रोजचा अंक निघतो, पहाटे वेळेवर निघतो. पोटभाडेकरू नाही, तोतया नाही. आपल्याकडच्या एखाद्या वृत्तपत्र कार्यालयात ही सूचना करून पाहा. ‘पान चारला पोचलंय, आत्ता नको’ असं उत्तर येईल. ते गेली वीस वर्षं चारलाच पोचलेलं आहे.

आणि ब्लेंडर. त्रिमितीच्या कामाचं हे हॉलंडमधलं सॉफ्टवेअर. ते विकणारी कंपनी २००२ मध्ये बसली. गुंतवणूकदार म्हणाले, एक लाख युरो द्या आणि मूळ कोड घेऊन जा. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली. सात आठवड्यांत पैसे उभे राहिले आणि ब्लेंडर मुक्त झालं. ते विंडोज, मॅक, लिनक्स, कुठेही सारखंच चालतं. बिल्डर बुडाला आणि रहिवाशांनी इमारत स्वतःच विकत घेतली. आमच्या सोसायटीत लिफ्टची वर्गणी तीन वर्षं गोळा होते आहे.

लोक म्हणतात, मुक्त सॉफ्टवेअर मागे पडलं कारण महागडी सॉफ्टवेअरं फार चांगली. महागडं सॉफ्टवेअर विकत घेतंय कोण? इंकस्केपची स्पर्धा कोरलशी कधी झालीच नाही. ती झाली फुटपाथवर मिळणाऱ्या सीडीशी, जिच्यात कोरल, फोटोशॉप, पाचशे फॉन्ट आणि दोन व्हायरस एकत्र असत. जे फुकट मिळतंय त्याला फुकटच मिळणारा पर्याय कोण शोधेल? भाडंच न देणाऱ्या भाडेकरूला स्वस्त घराची जाहिरात दाखवण्यासारखं ते.

असो. विसर्जनाला नव्हे, आगमनालाच तीन दिवस उरले होते. वाइनवर कोरलची एक जुनी आवृत्ती चढवण्याचा प्रयत्न मी रात्री अडीचपर्यंत केला. ती सुरू झाली. स्वागताचा पडदा दिसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी मजकूर टाकायचं हत्यार निवडलं आणि ती अत्यंत शांतपणे, एक शब्दही न बोलता, निघून गेली. प्रत: कांस्य आणि कचरा यांच्या सीमारेषेवर.

सकाळी लॅपटॉपच उचलला आणि दुकान गाठलं.

दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. मागे छपाईचं धूड घरघरतंय, सॉल्व्हंटच्या वासानं डोळे चुरचुरताहेत आणि भिंतीला टेकून एक अर्धे नगरसेवक वाळत उभे आहेत. पडद्यावर विंडोज एक्सपी होतं. हिरवी टेकडी, निळं आभाळ. खूप दिवसांनी गावाकडचं घर दिसावं तसं वाटलं. त्यावर कोरल १२, म्हणजे २००४ सालचं. नेटची वायर काढून गुंडाळून टेबलाच्या पायाला बांधलेली.

“नेट का काढलंय?”

“नेट लावलं की कोरल रुसतं, काका.”

“अरे, पण हे नवं का नाही घेत?”

“काय करायचंय? आलेली फाइल आपण बाराला उतरवायलाच सांगतो सगळ्यांना.”

हे मला आजवर कुणी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं नव्हतं. मुंबईच्या जाहिरात संस्थेतल्या चकचकीत मॅकवर बसलेला पोरगा असो, बंगळुरूचा कुणी असो की माझ्यासारखा माळकरी. या गाळ्यात शिरताना प्रत्येकाला चपला काढून, बारावी आवृत्ती होऊनच यावं लागतं. एवढ्या ऑपरेटिंग सिस्टीमांचा अभ्यास करण्याऐवजी मी आधी इथे चहा प्यायला यायला हवं होतं.

मी लॅपटॉप उघडून फलक दाखवला. त्यानं मान तिरकी करून पाहिला.

“चांगलाय की. तुम्ही केला?”

“इंकस्केपमध्ये.”

“ते कशात चालतं?”

“सगळ्यात चालतं.”

“आपल्यात?”

एक्सपीवर आताचं इंकस्केप चालत नाही. मी गप्प बसलो.

त्यानं खिशातून मोबाइल काढला, माझ्या पडद्याचा फोटो घेतला. ट्यूबलाइटची तिरीप मोदकावर आली म्हणून मला लॅपटॉप जरा वाकवायला लावून दुसरा घेतला. तो मोबाइल केबलनं एक्सपीला जोडला, फोटो कोरलमध्ये ओढला, कुलूप लावून मागे ठेवला आणि वरून गिरवायला लागला. सतरा नावं त्यानं वाचत वाचत पुन्हा टंकली. उजव्या हातात माऊस, डाव्या हाताची बोटं कळफलकाकडे न बघता. माझे आठ दिवसांचे कष्ट चाळीस मिनिटांत एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात आले. मधे एकदा चहा झाला. तेवढ्यात खजिनदारांचा फोन आला आणि नावं एकोणीस झाली.

“कमानीचा रंग जरा निळसर झालाय का रे?” मी भीत भीत विचारलं.

“चालतंय काका. रात्री वर हॅलोजन असतो.”